मुंबईची झाडे आणि त्यांचे राखणदार

रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त आरमाराचे एक प्रकरण आहे, आणि त्या प्रकरणात, गुराबा, गलबते, दारूगोळा व खलाशी यांच्या बंदोबस्ताचे विवेचन चालू असतानाच, झाडांविषयीची एक आज्ञा येते. इ. स. १७१५-१६ च्या सुमारास सिद्ध झालेल्या या ग्रंथात अमात्य सांगतात ते असे, की जहाजांसाठी लागणारे सागासारखे लाकूड राज्यातील अरण्यांतून हुजुराच्या परवानगीने तोडावे आणि कमी पडेल ते परमुलखातून खरेदी करून आणावे. परंतु आंबा, फणस ही झाडे आरमाराच्या कामाची असली तरी त्यांना हात लावू देऊ नये, कारण ती वर्षा-दोन वर्षांत उभी राहत नाहीत, रयतेने ती संततीच्या मायेने दीर्घकाळ वाढवलेली असतात आणि ती तोडली तर तिच्या दुःखाला पारावार राहत नाही. एखादे झाड अगदी जीर्ण झाले असेल, तर धन्याला राजी करून, योग्य मोबदला देऊन, त्याच्या संतोषानेच ते न्यावे. राज्याचा कारभार पाहणाऱ्या पुरुषाने झाडाचे मोल त्याच्या लाकडावरून न ठरवता, त्याच्यापाठीमागे कोणी किती वर्षे कष्ट केले यावरून ठरवावे, ही दृष्टी आजही विरळाच आढळते. मुंबईसारख्या शहराच्या वृक्षांचा इतिहास पाहू लागले म्हणजे हीच दृष्टी सर्वांत उपयोगी पडते. वृक्षारोपणाची दप्तरे, शिलालेख आणि छायाचित्रे यांत लावणाऱ्याचे नाव सापडते. झाड जगले असेल तर ते मात्र राखणाऱ्याच्या हातून.

ही आज्ञा लिहिली गेली त्या काळी मुंबई बेट मराठ्यांच्या अमलाखाली नव्हते. १६६८ पासून ते इंग्रज कंपनीच्या ताब्यात होते. पण झाड हे दीर्घ सांभाळाचे फळ आहे हे बेटावरच्या रयतेला कोणी सांगावे लागत नव्हते, कारण तिचे पोटच त्यावर चालत होते. कापसाच्या आणि गिरण्यांच्या काळापूर्वी या बेटाची खरी संपत्ती म्हणजे माहीम-गिरगावच्या बाजूच्या नारळीच्या वाड्या, ताडांची बने आणि मिठागरे. नारळी-ताडांवर चढून ताडी काढणारे भंडारी, वाडीला रहाटाचे पाणी देणारे वाडीकरी, आणि नारळीच्या मुळाशी मासळीचे खत घालण्याची जुनी वहिवाट यांवर ते सारे हिरवेपण उभे होते. या खताच्या दुर्गंधीविषयी सतराव्या शतकातील इंग्रज प्रवाशांनी कडवट तक्रार नोंदवली आहे आणि बेटाच्या रोगट हवेचा दोषही त्याच्याच माथी मारला आहे. परंतु ज्या वनराईच्या शोभेचे वर्णन तेच प्रवासी करतात तिला हे खतच पोसत होते, याची दखल त्यांनी घेतलेली नाही. माजगावच्या आंब्याची गोष्ट तर प्रसिद्धच आहे. तेथील काही झाडे वर्षातून दोनदा फळतात अशी त्यांची ख्याती होती, आणि फळांच्या दिवसांत त्यांच्याभोवती शिपायांचा पहारा बसत असे अशी आख्यायिका इंग्रज लेखकांनी लिहून ठेवली आहे. आख्यायिकेतला अतिशयोक्तीचा भाग वगळला तरी एवढे खरे, की त्या काळच्या मुंबईत झाडाला धनी होता, आणि झाडाच्या जिवाची काळजी हा त्याच्या संसाराचाच एक भाग होता.

एकोणिसाव्या शतकात हे नाते तुटत गेले. वाड्यांची जमीन चाळींच्या भाड्यापुढे स्वस्त ठरू लागली. १८६० मध्ये विहारच्या तलावाचे पाणी नळाने शहरात आले. आणि पुढे, डॉ. चार्ल्स बेंटली यांचा मुंबईतील हिवतापाविषयीचा अहवाल १९११ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर, डासांची पैदास करणाऱ्या विहिरी झाकण्याचे व बुजवण्याचे सत्र सुरू झाले. विहिरींविषयी हिंदूंच्या व पारशांच्या धर्मभावना गुंतलेल्या असल्यामुळे त्या प्रकरणी बराच कलह माजला. आरोग्याच्या दृष्टीने तो निर्णय योग्यच होता, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु विहीर गेली, रहाट गेला, आणि अंगणातल्या झाडाला पाणी घालणे हे घरच्या नित्यक्रमातून निघून गेले. यापुढे मुंबईत झाड जगायचे तर त्याची जबाबदारी कोणीतरी नव्याने पत्करायला हवी होती.

ती पत्करण्याचा पहिला मोठा प्रयत्न म्हणजे भायखळ्याची राणीची बाग. पश्चिम हिंदुस्थानच्या कृषी व उद्यानविद्या मंडळाची शिवडी येथे एक बाग होती. ती जागा १८६५ मध्ये म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांनी युरोपियनांच्या दफनभूमीसाठी घेतली. तत्पूर्वीच, १८६१ मध्ये, भायखळ्याला नव्या बागेचे काम सुरू झाले होते. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी लेडी फ्रियर यांच्या हस्ते 'व्हिक्टोरिया गार्डन्स' या नावाने तिचे उद्घाटन झाले. बाग आणि तिच्यालगतचे संग्रहालय या संयुक्त कल्पनेला चालना देणाऱ्यांत डॉ. जॉर्ज बर्डवुड यांच्याबरोबर डॉ. भाऊ दाजी लाड आणि नाना शंकरशेट हे होते, ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कारण साहेबांनी बाग लावली आणि नेटिवांनी ती पाहिली, असा जो समज पुष्कळदा दिसतो तो यामुळे टिकत नाही. भाऊ दाजी हे वैद्यकाचे पदवीधर होते आणि वनौषधींचा त्यांचा व्यासंग होता; वनस्पतींच्या संग्रहाचे महत्त्व त्यांना शोभेपलीकडचे वाटत असले पाहिजे.

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि शहरात पैशाचा पूर आला होता, त्या वर्षांत ही बाग जन्माला आली. १८६५ मध्ये शेअरबाजार कोसळला, तेव्हा दानशूर हातांनाही ओहोटी लागली. देणग्यांवर आणि वर्गण्यांवर चालणाऱ्या मंडळाला झाडांचा रोजचा खर्च पेलणे अवघड होणे स्वाभाविकच होते. १८७३ मध्ये बाग नगरपालिकेच्या हवाली झाली. आपल्याकडील इतिहासलेखनात उद्घाटनाच्या समारंभाला पानेच्या पाने मिळतात आणि अशा हस्तांतराला एक ओळ. परंतु त्या बागेचे आयुष्य ठरले ते १८७३ च्या या साध्या कारभारी निर्णयाने. त्यानंतर कित्येक पिढ्या नगरपालिकेच्या हजेरीपटावर माळी, मुकादम आणि बिगारी यांची नावे लागत गेली, त्यांच्या हातांनी आळी खणली गेली, वाळवी काढली गेली, उन्हाळ्यात पाणी पोचले. आज त्या बागेत आफ्रिकेतून आलेली गोरखचिंच आहे, दक्षिण अमेरिकेचा कैलासपती आहे, ब्रह्मदेशाची उर्वशी आहे, आपला सीताअशोक आहे आणि पानाचा द्रोण करणारा कृष्णवड आहे. उर्वशीसारखे हळवे झाड मुंबईच्या हवेत फुलवणे ही सामान्य कामगिरी नव्हे. ज्या माळ्यांनी ती केली त्यांच्यातल्या एकाचेही नाव तेथे कोरलेले असते, तर या बागेचा इतिहास अधिक न्याय्य झाला असता असे प्रस्तुत लेखकाला मनापासून वाटते.

शहरातील वृक्षांच्या इतिहासाचे पुढचे पान प्लेगने लिहिले. १८९६ मध्ये ही साथ आली, माणसे हजारोंनी मेली, लाखोंनी शहर सोडून गेली. आणि दाट वस्तीत हवा-उजेड नाही हे या साथीचे एक कारण मानले गेल्यामुळे १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. दादर, माटुंगा, वडाळा, शीव या भागांत रुंद रस्ते आणि मोकळी मैदाने राखून नव्या वसाहती आखण्याची तजवीज ट्रस्टने केली. ट्रस्टच्याच सेवेत असलेले अभियंते मंचेरजी एदलजी जोशी यांनी आपल्या समाजातील मध्यम स्थितीच्या कुटुंबांसाठी १०३ भूखंड मिळवले, आणि त्यातून दादरची पारशी कॉलनी उभी राहिली. जोशी यांच्या योजनेतला वृक्षांचा विचार मोठा वेधक होता. प्रत्येक रस्त्याला निराळ्या जातीचे झाड द्यायचे असे त्यांनी ठरवले. जाम-ए-जमशेद रस्त्याला अशोक, फिरदौसी रस्त्याला महोगनी. घरांची उंची मर्यादित ठेवल्यामुळे झाडांचे शेंडे आणि घरांची छपरे यांच्यात स्पर्धा लागली नाही. 'फाइव्ह गार्डन्स'च्या परिसरात आज उभे राहिले म्हणजे त्या आखणीचे शहाणपण दिसते. परंतु एकट्या आखणीने ही सावली मिळाली नसती. रस्त्यावरचे झाड हे आपल्याच दाराचे झाड आहे अशी तेथील रहिवाशांची भावना राहिली, आणि कोणी कुऱ्हाड घेऊन आला तर त्याला जाब विचारणारी माणसे गच्चीवर आणि गॅलरीत पिढ्यान्‌पिढ्या हजर राहिली. धनी गेलेल्या झाडाला येथे पुन्हा धनी मिळाला, आणि या खेपेला तो एक माणूस नसून एक आळी होती.

स्वातंत्र्यानंतर वृक्षारोपणाला राष्ट्रीय उत्सवाचे रूप आले. १९५० मध्ये केंद्रीय अन्न व कृषिमंत्री कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सव सुरू केला. मुनशी हे मुंबईचे वकील, गुजरातीतील नामवंत कादंबरीकार आणि भारतीय विद्या भवनाचे संस्थापक. त्यामुळे उत्सवातून लोकशिक्षण घडवण्याची कल्पना त्यांना सुचावी यात नवल नाही. जुलैचा पहिला आठवडा त्यासाठी मुक्रर झाला, आणि तेव्हापासून दर पावसाळ्यात शाळा, कचेऱ्या आणि नगरपालिका खड्डे खणून रोपे लावू लागल्या. या उपक्रमाने झाडाविषयीचा आदर सार्वजनिक जीवनात आणला, हे त्याचे ऋण मान्य केलेच पाहिजे. तथापि जुलैचा मुहूर्त सोयीचा असला तरी फसवाही आहे. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. आषाढ-श्रावणात कोणतीही काडी टोचली तरी ती हिरवी दिसते. आश्विन सरला की जमीन तडकू लागते, आणि चैत्र-वैशाखात, ज्या रोपाला आठवड्यातून दोन-तीनदा पाणी मिळत नाही ते, कोणाला न कळत, वाळून जाते. पहिले तीन उन्हाळे निभावले तर मूळ खाली ओलीपर्यंत पोचते. तोपर्यंत रोपाला आळे हवे, वाकू नये म्हणून काठी हवी, शेळी-गाईपासून रक्षण करणारा पिंजरा हवा, आणि खोड जाड झाल्यावर तोच पिंजरा त्याच्या सालीत रुतू नये म्हणून वेळीच काढून घेणारा माणूस हवा. शहरात कितीतरी झाडांच्या खोडांत जुन्या पिंजऱ्यांचे लोखंड रुतलेले दिसते. लावणारे आले होते, परत कोणी आले नाही, याची ती साक्ष.

१९७५ मध्ये महाराष्ट्राने नागरी क्षेत्रातील झाडांच्या जतनाचा कायदा केला. प्रत्येक नगरपालिकेत वृक्ष प्राधिकरण आणि वृक्ष अधिकारी असावा, ठरावीक काळाने झाडांची गणना व्हावी, परवानगीवाचून झाड तोडू नये आणि तोडलेल्या झाडाच्या बदल्यात दुसरे लावून ते वाढवावे, अशा त्याच्या तरतुदी आहेत. स्वतःच्या आवारातले झाडदेखील मालकाला आपल्या मर्जीने तोडता येणार नाही, हे तत्त्व त्या काळी धाडसाचे होते.

कायद्यापेक्षाही ज्या प्रयोगाने या शहराला काही शिकवले तो धारावीला लागून, मिठी नदीच्या काठी घडला. तेथे सुमारे ३७ एकर जागेवर शहराचा कचरा टाकला जात असे. १९७७ मध्ये कचराभूमी बंद झाली, आणि ही जागा निसर्गोद्यानासाठी द्यावी असा आग्रह निसर्गप्रेमी संस्थांनी धरला. १९८३ मध्ये ज्येष्ठ पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांच्या हस्ते तेथे पहिले झाड लागले. सडणाऱ्या कचऱ्याच्या ढिगावर झाड लावणे म्हणजे काय, याची कल्पना सहजासहजी येत नाही. खालून उष्णता आणि वायू येतात; जमीन खचत राहते; पाणी थोपत नाही, आणि थोपले तर मुळे कुजतात. अशा जागेवर माती चढवून, कणखर जाती निवडून, शाळकरी मुलांपासून निवृत्त मंडळींपर्यंत अनेकांच्या श्रमाने झाडे जगवावी लागली. १९९४ मध्ये, वसुंधरा दिनी, महाराष्ट्र निसर्ग उद्यान लोकांना खुले झाले, म्हणजे पहिल्या रोपापासून दरवाजा उघडेपर्यंत अकरा वर्षे गेली. समारंभाच्या घाईला न जुमानता झाडांच्या गतीने चाललेले सार्वजनिक काम म्हणून या अकरा वर्षांचे महत्त्व फार मोठे आहे. आज तेथे फुलपाखरे आणि पक्षी यांच्या शेकड्यांनी नोंदी होतात, आणि मुंबईतल्या मुलांना पायाखालच्या पाचोळ्याचा आवाज तेथे ऐकू येतो.

या साऱ्या काळात लोकांची भूमिकाही बदलत गेली. लावणाऱ्याबरोबर आता अडवणारा उभा राहिला. २००७ च्या सुमारास राणीच्या बागेतील प्राणिसंग्रहालयाच्या भव्य पुनर्रचनेचा आराखडा पुढे आला, तेव्हा शहरातील काही नागरिकांनी, त्यांत स्त्रियांचा पुढाकार विशेष होता, बागेतील एकेक झाड ओळखून, त्याची जात आणि वैशिष्ट्य लिहून, ही बाग म्हणजे वनस्पतींचे जिवंत दप्तर आहे हे सिद्ध करण्याचा चिकाटीचा उद्योग केला. मूळ आराखडा त्या स्वरूपात अमलात आला नाही. आरे वसाहतीचा अनुभव याच्या उलट होता. १९४९ मध्ये दुधाच्या पुरवठ्यासाठी वसवलेल्या या हिरव्या मुलखात मेट्रोच्या कारशेडसाठी ऑक्टोबर २०१९ मध्ये, उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या त्याच रात्री, झाडे तोडण्यास प्रारंभ झाला. सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती ७ ऑक्टोबरला आली तोवर दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती. मेट्रो शहराला हवी आहे, याविषयी दुमत नाही. पण रात्रीच्या अंधारात चालवलेल्या करवतीने कारभार आणि रयत यांच्यामधला विश्वासही कापला गेला, आणि धन्याला राजी करून झाड न्यावे हा अमात्यांचा दंडक तीनशे वर्षांनी आपण मागे टाकला, हे म्हटल्यावाचून राहवत नाही.

अलीकडे आकड्यांचा उत्साह दांडगा झाला आहे. राज्याने २०१६ मध्ये २ कोटी झाडांचा संकल्प सोडला, पुढच्या वर्षी ४ कोटी, मग १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी. मुंबईत २०२० पासून जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांच्या पद्धतीने दाट वनेही लावली जात आहेत. या प्रयत्नांचा अधिक्षेप करण्याचे कारण नाही. मात्र पाच वर्षांनंतर त्यांतली किती उभी आहेत याची मोजदाद लावणीइतक्याच थाटाने जाहीर व्हावी, ही अपेक्षा रास्त आहे. २०१८ मध्ये पूर्ण झालेल्या गणनेत मुंबईत सुमारे २९.७५ लाख झाडे भरली. त्यांतल्या रस्त्याकडेच्या झाडांची अवस्था पाहवत नाही. पदपथाचे काँक्रीट थेट बुंध्याला भिडवलेले असते, त्यामुळे मुळांना ना पाणी मिळते ना हवा. जाहिरातीच्या पाट्यांचे खिळे आणि रोषणाईच्या तारा खोडात रुततात. पावसाळ्यापूर्वीची छाटणी एकाच बाजूने झाली की झाडाचा तोल जातो आणि जुलैच्या वाऱ्यात ते उन्मळून पडते. गेल्या दशकात पिठ्या ढेकणाच्या प्रादुर्भावाने शहरातील शेकडो पर्जन्यवृक्ष उभ्या उभ्या सुकले. सावलीसाठी एकच परदेशी जात रस्तोरस्ती लावण्याच्या जुन्या हौसेची ही किंमत होती.

या परिस्थितीत जे काम आज निरनिराळ्या वस्त्यांत चालले आहे ते डोळ्यांत भरणारे नाही. बुंध्याभोवतीचे काँक्रीट फोडून माती मोकळी करणे, खिळे उपटून काढणे, रविवारी सकाळी जाणत्या माणसाबरोबर फिरून परिसरातल्या झाडांची ओळख करून घेणे, वटपौर्णिमेला बाजारातून तोडलेली फांदी न आणता जवळच्या जिवंत वडाकडे जाणे, हे सर्व त्यात येते. वडाची पूजा त्याची फांदी तोडून करण्याची रूढी शहरात कशी पडली, याचे उत्तर जागेच्या आणि वेळेच्या टंचाईत आहे. पण जवळ वड असेल आणि त्याच्याभोवती पार असेल, तर बायका तेथेच जातात, हे दरवर्षी दिसते.

१९७५ च्या कायद्यानुसार झाड तोडण्यापूर्वी त्याच्या खोडावर नोटीस चिकटवावी लागते आणि हरकतींसाठी मुदत द्यावी लागते. पूर्वी त्या कागदाकडे कोणी पाहत नसे. आता येणारे-जाणारे थांबून तो वाचतात, छायाचित्र काढून शेजाऱ्यांना पाठवतात आणि मुदतीच्या आत अर्ज दाखल करतात. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडाला वारसावृक्षाचा दर्जा दिला आहे, आणि तोडलेल्या झाडाच्या बदल्यात किती लावायची हेही त्याच्या वयावरून ठरते. त्यामुळे झाड कधीचे आहे हा प्रश्न आता कचेरीतला प्रश्न झाला आहे. बुंध्याचा घेर मोजून त्याचे अंदाजी उत्तर काढता येते. परंतु महापालिकेच्या दप्तरात लावणीची नोंद नसेल, तर हरकत घेणाऱ्याला आपल्या चाळीतल्या, वाडीतल्या वडीलधाऱ्यांकडे जावे लागते, आणि कोणाच्या लग्नाच्या साली ते झाड कमरेएवढे होते, कोणी त्याला नळाखालची बादली घालत असे, याची चौकशी करावी लागते.